कास्तिगोची पाळी

सहाही कार्डं कास्तिगोने फेलिझार्दाच्या मांडीवर ठेवली आणि नेहमीसारखी साखर पेरली. "ताई, या खेपेलाही तूच जा ना. माझी भट्टी पेटलीय. सोडून गेलो तर कोळशाची राख होईल."

आंब्याखाली बसलेल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. कास्तिगोला नाही म्हणणं कुणालाच जमत नसे. तेते प्रांतातल्या त्या आडगावात एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या सहा जणांचा हा गट. दर महिन्याला एकाने लांबच्या दवाखान्यात जायचं आणि सहाही कार्डं दाखवून सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. जो जाई त्याचं रक्त त्याच दिवशी तपासलं जाई. कास्तिगो मात्र दीड वर्षात एकदाही गेला नव्हता. कधी भट्टी, कधी गिऱ्हाईक, कधी सासऱ्याचं आजारपण. शेजारधर्म म्हणून बाकीचे आनंदाने त्याची पाळी उचलत. त्या चांगुलपणाचा आता फेलिझार्दाला राग येत होता. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. पँट दोरीने बांधायची वेळ आली होती आणि खोकला चार घरं पलीकडे ऐकू जाई.

असं वाळणं तिने स्वतःच्या घरात पाहिलं होतं. गट नव्हता तेव्हा ज्याचं त्याने दर महिन्याला जायचं, जाऊन-येऊन सात तास पायी. तिचा नवरा आर्मांदो चार महिने गेला. पाचव्या महिन्यात त्याचे पाय उचलेनात. गोळ्या फुकट मिळत होत्या, तरी तो जिवानिशी गेला.

तिने कार्डं परत कास्तिगोच्या हातात कोंबली. "मी नाही जायची. पाळी तुझी, तू जा. भट्टी मी राखते."

"तुला काय कळतंय भट्टीतलं?"

"आणि तुला सुई बघून घाम फुटतो, ते आम्हाला कळत नाही होय?"

झेफेरिना आजी फिसकन हसली, मग तिचा चेहरा उतरला. "अगं पोरी, माझ्या डबीत दोनच गोळ्या उरल्यात. आजची न उद्याची. हा गेलाच नाही तर?"

"तर सगळेच बसू गोळ्यांविना," फेलिझार्दा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कास्तिगो कोळशाच्या ट्रकवर चढला. फेलिझार्दा भट्टीपाशी बसली. मातीने लिंपलेल्या ढिगाला तडा गेला, धूर सुटला, की त्यावर फावड्याने माती लोटायची, एवढंच काम. पण तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे. सहाही कार्डं त्याच्या खिशात होती. कार्ड नाही तर गोळी नाही. एकाला वठणीवर आणायला आपण पाच जणांचा जीव टांगणीला लावला, ही कुठली अक्कल? आर्मांदोसाठी कधी इतकं ताठ उभं राहता आलं नाही, त्याचा सूड आज या लोकांवर उगवला का?

दुपारी आजी मक्याचं घट्ट पिठलं आणि सुकी मासळी घेऊन आली. दोघींपैकी एकीनेही घास घेतला नाही.

"ट्रक परत आला," आजी म्हणाली. "त्यात नाही तो. ड्रायव्हर म्हणतो, जातानाच फाट्यावर उतरला. झाडाखाली बसून होता म्हणे."

"दवाखान्यापर्यंत गेलाच नाही?"

"मला काय ठाऊक, बाई."

फेलिझार्दा उठली, पुन्हा बसली. तडा कुठे नव्हताच, तरी तिने तीन फावडी माती लोटली. ऊन कलायला लागलं. आजीने कनवटीची डबी काढून उरलेली एकुलती गोळी पाहिली आणि पुन्हा खोचली.

मग आवाज आला. खुळखुळ, खुळखुळ. गोळ्यांच्या बाटल्यांचा. गावाला सुगावा लागू नये म्हणून गटातलं प्रत्येक जण परतताना बाटल्यांत कापूस कोंबे. त्यासाठी कापसाची पुडी सोबत न्यायचा दंडक कास्तिगोनेच घातला होता, आणि कापूस कमी पडला की सगळ्यात जास्त तोच ओरडे. आता तोच अख्खा रस्ता वाजवत येत होता. पाय धुळीने पांढरे आणि चेहरा त्याहून पांढरा.

फेलिझार्दा धावली. रडू आणि संताप एकदमच बाहेर पडले. "मेल्या, कुठे होतास? आणि कापूस कुठाय? गावभर दवंडी पिटतोस का?"

त्याला धाप लागली होती. पिशवी त्याने आजीच्या हातात दिली आणि शर्टाची बाही वर सारली. कोपराच्या खळगीत पुडीतला सगळा कापूस चिंधीने करकचून बांधलेला होता. मधोमध रक्ताचा डाग होता.

"शीर सापडेना त्यांना. तीनदा टोचलं," तो म्हणाला. मग खाली बघत, हळूच, "गुरुवारी परत बोलावलंय, ताई. छाती बघायचीय म्हणे. भट्टी राखशील?"