मडमला ‘आवडत नाही’ म्हणाले तेव्हा

माझं अक्षर गिचमिड आहे. वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, ते मला कधी जमलं नाही. शाळाच चौथीपर्यंत झाली. हे कुणी वाचलंच तर तेवढं सांभाळून घ्यावं.

पिंपरीला कारखाना उभा राहत होता, तेव्हा एका परदेशी साहेबाच्या बंगल्यावर मी स्वयंपाकाच्या मदतीला होते. मडमची भाषा स्पॅनिश. तिनं मला दोन बोल शिकवले. आवडलं तर ‘मे गुस्ता’, नाही आवडलं तर ‘नो मे गुस्ता’. रोज काहीतरी चाखायला द्यायची आणि तोंडाकडे बघत विचारायची, “ते गुस्ता?” म्हणजे, आवडलं का?

पहिला बोल मी लगेच उचलला. दुसरा तोंडातून निघेना. कुणी हौसेनं दिलेलं आवडत नाही, असं कसं म्हणायचं? तिच्या बाटलीतली हिरवी, खारट फळंही मी ‘मे गुस्ता’ म्हणून गिळली. तिनं अख्खी बाटली दिली. ती मी शेवग्याखाली पुरली, तर दुसरी आली.

मग मडम बाळंतपणाला मुंबईला जायची ठरली. तिनं माझा हात धरला, आधी स्वतःकडे बोट केलं, मग माझ्याकडे. “बॉम्बे. ते गुस्ता?”

सवयीनं मी “मे गुस्ता” म्हणून गेले. तिनं माझा मुका घेतला.

संध्याकाळी आमचे हे नवी सायकल ढकलत दारात आले. साहेबाकडून माझ्या पगारावर उचल घेतली होती.

“मडमपाशी ऱ्हायचं वर्षभर. पोरीला आई सांभाळंल.”

पोरगी अजून अंगावर पीत होती.

“मला न्हाई जायचं.”

“मग मडमला व्हय कुनी म्हनलं? म्या?”



निघायच्या दिवशी मडमनं मोटारीचं दार उघडून धरलं. सासूबाईंनी हात पुढे केले. “आन हिकडं. उगा रडवू नगंस तिला.”

पोरीनं माझा पदर मुठीत धरला होता. “नो मे गुस्ता,” मी म्हणाले. मडमला वाटलं, मोटार आवडली नाही. तिनं हसून काच खाली केली.

मी पोरीला छातीशी आवळलं. “बॉम्बे, नो मे गुस्ता!”

मडमचं हसू मावळलं. दार लावून घेतलं, आणि मोटार गेली.

“आता चाटा ती सायकल,” सासूबाई म्हणाल्या.

हे त्याच सायकलीवरून कामाला जात, माझ्याशी मात्र बोलत नसत. मी कामगारांच्या चाळींच्या बांधकामावर पाट्या वाहिल्या आणि साहेबाचे पैसे थोडे थोडे देत गेले.

मडम बाळाला घेऊन परतली, तेव्हा थोडेच उरले होते. ते द्यायला गेले तर पोरगी माझं बोट धरून चालत आली. मडम माझ्याशी बोलली नाही. पोरीच्या तोंडात मात्र एक हिरवं फळ घातलं. “ते गुस्ता?”

पोरीनं ते तिथंच, पुसलेल्या फरशीवर थुंकलं.

मडमनं माझ्याकडे बघितलं. मी पोरीला रागावले नाही. पदराची गाठ सोडली आणि उरलेले पैसे मडमच्या हातावर ठेवले. सगळे फिटले.