माकडाची नोट

विल्फ पेनफोल्ड गेला. तू त्याच्याबद्दल चार शब्द लिही, असं बाजारातली मंडळी म्हणाली. लिहितोय खरा, पण माझी मलाच लाज वाटते.

लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या बाजारात त्याची वाम माशांची गाडी, शेजारी माझी भाजीची. पंचवीस पौंडांना आम्ही तट्टू म्हणतो, पाचशेला माकड. का म्हणता, असं कुणी विचारलं की विल्फ हातातली सुरी खाली ठेवायचा. "अहो, हिंदुस्थानातल्या पाचशेच्या नोटेवर माकड होतं! आपले शिपाई तिथून तो शब्द घेऊन आले. या क्लेमनं नोट डोळ्यांनी बघितलीय. याच्या आज्याची होती."

क्लेम म्हणजे मी. गोष्ट ऐकीव होती. आज्याच्या नोटेचं मात्र मी ठोकून दिलं होतं, तरुणपणी, बिअर पिता पिता, उगाच भाव खायला. विल्फनं ते खरं धरलं. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला माणूस. आपल्याला ठाऊक असलेली ही एवढीच शहाण्यासारखी गोष्ट, असं त्याला वाटायचं.

मग वाचनालयानं त्याला बाजारच्या बोलीवर बोलायला बोलावलं. आठवडाभर त्याला धड जेवण गेलं नाही. "क्लेम, लेका, पुढच्या रांगेत बस हं. अडलो तर सांभाळ."

बोलला झकास. शेवटी मागून एक गृहस्थ उठले. "मी चाळीस वर्षं हिंदुस्थानातल्या जुन्या नोटा जमवतोय. माकडाची एकही दिसली नाही. कुणी बघितलीय का?"

विल्फ खुशीत माझ्याकडे वळला. "सांग रे यांना."

सगळ्या माना माझ्याकडे. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. आणि मी नालायक बुटांच्या नाड्या बघत बसलो. विल्फला कळलं.

"छे हो, याला उगाच मधे ओढलं मी," तो म्हणाला. "थाप माझीच. गिऱ्हाईक गाडीपाशी थांबावं म्हणून मारायचो."

लोक हसले. "बाजारातली माणसं, दुसरं काय!" कुणीतरी म्हणालं.

घरी जाताना त्याची बायको मेव्हिस रस्ताभर तणतणत होती. "तुझ्यासाठी नवा शर्ट आणला मी. आणि चारचौघांत खोटारडा ठरलास! लाज कशी वाटत नाही रे?"

मी त्या दोघांच्या शेजारूनच चालत होतो, आणि तेव्हाही बोललो नाही.