निकिताच्या डबीतला आवाज

आमच्या घरात पाच हेडफोन आहेत आणि गाणं कुणीच ऐकत नाही. आमचे हे गाणं मोजतात.

लग्नाला तीस वर्षं झाली तरी मी ह्यांना नावाने हाक मारत नाही, पण वाचणाऱ्याची पंचाईत नको म्हणून एकदाच सांगते, मधुसूदन. यवतमाळातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. मुलं त्यांना सर म्हणायची, पगार मात्र सरांचा नव्हता. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं सकाळी फिरायला जातात, बागेत हसतात. आमच्या ह्यांनी मागची खोली झाडून घेतली, तिथे टेबल टाकलं, आणि टेबलावर तारांचा असा पसारा मांडला की मी केरसुणी घेऊन त्या खोलीत जाणं सोडून दिलं.

ते काय मोजतात हे मला समजायला दोन वर्षं लागली. मोबाइलमधलं गाणं म्हणजे म्हणे नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा आवाज करायचा आणि तो हेडफोनला पुरेल इतका जोरदार करायचा, ही दोन्ही कामं करणारी एक छोटी डबी मिळते, खिशात मावते. शौकीन लोक ती हजारो रुपये देऊन घेतात. ती खरंच चांगली आहे की नुसता डौल आहे, हे ह्यांनी सांगायचं. डबीत एकच शुद्ध सूर सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला काय निघतं ते लॅपटॉपवर बघायचं. सुरात डबीने पदरचं काही मिसळलं का? जोर वाढवला की सूर फाटतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सूर बंद केल्यावर ती खरंच गप्प बसते का? हे सगळं आलेख काढून इंटरनेटवरच्या शौकिनांच्या एका मंडळीत लिहायचं. पुण्या-बंगळुरूची माणसं ह्यांचं मत आल्याशिवाय खरेदी करायची नाहीत. घरात ह्यांना भाजीतलं मीठ कमी आहे हे कळत नाही, पण डबीतला लाखातल्या एका भागाचा कचरा दिसतो, असं मी चारचौघांत म्हणायची. म्हणताना मला अभिमानच वाटायचा.

ह्या मोजणीत माझंही एक काम होतं, आणि तेच मी बिघडवलं.

आमच्या मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ अर्थिंगचा खड्डा आहे. घरातल्या विजेची जी गळती होते ती तारेने त्या खड्ड्यात उतरते आणि जमिनीत जिरते. पण आमची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की तार मातीत नुसती उभी राहते, धरून कुणी नसतं. म्हणून मार्च ते पाऊस लागेपर्यंत रोज संध्याकाळी खड्ड्यात एक बादली पाणी आणि महिन्यातून एकदा खडेमीठ, हा ह्यांचा नियम. पाणी मी टाकायचं आणि ह्यांनी जेवताना विचारायचं, "टाकलं नं?"

बोंडअळीने कापूस खाल्ला त्याच्या पुढचा उन्हाळा, म्हणजे दोन हजार अठराचा. त्या उन्हाळ्यात यवतमाळात नळ कधी येईल हे नळालाच ठाऊक नव्हतं. पंधरा-पंधरा दिवस नुसती वाट बघायची. गल्लीत टँकर आला की मी, शेजारच्या मथुराबाई, सगळ्या ड्रम घेऊन धावायचो. अशात एक बादली पाणी रोज मातीच्या पोटात ओतायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. ह्यांना सांगितलं असतं तर वाद झाला असता. म्हणून मी वाद केला नाही, पाणीच बंद केलं. जेवताना ह्यांनी विचारलं की मी "हो" म्हणायची.

आणि खरं सांगायचं तर पाणी वाचवलंही नाही. अर्धी बादली माझ्या मोगऱ्याच्या दोन कुंड्यांना जायची.

एप्रिलच्या शेवटी फ्रिजच्या दांडीला ओला हात लागला की झिणझिण्या यायला लागल्या. याचा अर्थ काय हे ह्यांनीच मला कधीचं शिकवलं होतं. अर्थिंग गेलंय. मला कळलं होतं, आणि मी काय केलं? स्वयंपाकघरात रबरी चप्पल घालून वावरू लागले. "पाय दुखतात हो," असं ह्यांना सांगितलं. आज ती चप्पल आठवली की माझीच मला शिसारी येते.

त्याच आठवड्यात निकिता आली.

निकिता ही ह्यांची विद्यार्थिनी, दिग्रसजवळच्या एका खेड्यातली. तिचे वडील किसनराव कापसाचे शेतकरी, खाऊन-पिऊन सुखी, पण त्या वर्षी बोंडात अळ्यांशिवाय काही निघालं नव्हतं. निकिताने डिप्लोमा केला, पुण्याला दोन वर्षं नोकरी केली आणि परत येऊन घरातच ती हेडफोनची डबी स्वतः बनवली. सर्किटची छापील हिरवी पाटी बाहेरून करून आणलेली, पण एकेक तुकडा हाताने जोडलेला, वर ॲल्युमिनियमचं कवच. तिने ती दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे ठेवली.

"सर, सव्वीस बनवल्या. त्या मंडळीतले एकवीस जण म्हणतात, तुमचं मोजमाप चांगलं आलं का लगेच घेतो. तुमी जे लिहान ते लिहा, मले चालते."

"मी ओळखीपाळखीने लिहीत नाही, माहीत आहे नं?" हे म्हणाले.

"म्हणून तं तुमच्याकडे आली."

मी तिला पन्हं दिलं. ती फ्रिजजवळ उभी राहून प्यायली. बाबांना आता कापसाचा भरवसा वाटत नाही, म्हणतात तुझ्या डब्या चालल्या तर मी तुझा हमाल होतो, असं सांगून ती हसली. "फ्रिजला हात नको लावू गं," मी म्हणाले. तिने का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मोजायला घेतलं. लॅपटॉपची बॅटरी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मेली होती, म्हणून चार्जर लावून काम चाललं होतं. सूर स्वच्छ आला, जोर भरपूर आला. मग सूर बंद केला, आणि पडद्यावर पन्नास हर्ट्झच्या जागी एक सुळका उभा राहिला. घरातल्या विजेची घरघर. ह्यांनी तारा बदलल्या, परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. दुपारचा चहा तसाच गार झाला.

"पोरगी चुकली गं," ते बाहेर येऊन म्हणाले. "विजेची घरघर गाळण्यात कुठेतरी कमी पडली. बाकी इतकं सुंदर काम आहे, पण ही डबी गप्प बसत नाही."

त्यांचा चेहरा उतरला होता. मी चपलेत पाय घालून चहा परत गरम केला. फ्रिजच्या झिणझिण्यांचा आणि डबीच्या घरघरीचा काही संबंध असेल हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण अर्थिंग गेलंय एवढं एक वाक्य मी बोलले असते तर संबंध त्यांनी लावला असता. ते वाक्य मी गिळलं, कारण त्याच्या पाठोपाठ मोगरा निघाला असता.

ह्यांनी लिहिलं. जसं होतं तसं, भीड न ठेवता. निकिताचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती वाद घालेल असं वाटलं होतं. ह्यांनी सांगितलं, तीनदा मोजलं. पलीकडून एवढंच आलं, "मग असनच सर. मी शोधतो." एकवीस जणांनी चार दिवसांत दुसरीच एक परदेशी डबी मिळून मागवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूरचा श्रेयस आला. ह्याच मंडळीतला, बँकेत नोकरीला. त्याची डबी ह्यांनी जानेवारीत मोजली होती आणि तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं. सहज म्हणून, नवीन तार तपासायला, ह्यांनी ती पुन्हा लावली. सूर बंद केला. पन्नासच्या जागी तोच सुळका, तेवढाच उंच.

मग ह्यांनी शंभरचा बल्ब होल्डरला लावून आणला, एक तार फेजला आणि एक अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटायला हवा. त्यातली तार नुसती विडीच्या टोकासारखी लाल झाली. म्हणजे जमिनीत उतरायची वीज चार्जरवाटे मोजमापात शिरत होती.

ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "सुमेधा, खड्ड्यात पाणी टाकतेस नं रोज?"

श्रेयस मागे उभा होता. परक्या माणसासमोर खोटं पडायचं कसं, म्हणून मी परत म्हणाले, "हो, टाकते नं."

ह्यांनी लोखंडी सब्बल घेतली आणि मागे गेले. मी खिडकीतून बघत होते. दोन घावांत माती उडाली, पिठासारखी कोरडी. ते वाकले, मूठभर माती हातात घेतली आणि बोटांतून सोडली. मग त्यांनी बाजूच्या मोगऱ्याकडे बघितलं. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीत तेवढाच हिरवा होता. सब्बल भिंतीला टेकवून ते सरळ टेबलाच्या खोलीत गेले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

पिण्याच्या ड्रममधल्या तीन बादल्या मीच त्या खड्ड्यात ओतल्या, मीठ टाकलं. तासाभराने बल्ब चांगला पेटला. निकिताची डबी ह्यांच्या कपाटातच होती, ती लावली. सूर बंद केल्यावर पडद्यावर खाली नुसती सपाट रेघ राहिली. श्रेयस म्हणाला, "सर, इतकी शांत तर माझीही नाही."

त्या संध्याकाळी ह्यांनी मंडळीत नवं लिहिलं. आधीचं मोजमाप चुकीचं होतं, दोष डबीत नव्हता, माझ्या घराच्या अर्थिंगमध्ये होता, मोजण्याआधी ते तपासणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. माझं नाव कुठेही नाही. मी म्हणाले, "माझंही लिहा." ते म्हणाले, "मीटर माझं आहे." त्या लिखाणाखाली दोघा-तिघांनी अंगठे दाखवले. ज्यांनी दुसरी डबी घेतली होती त्यांच्यासाठी विषय संपलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दिग्रसच्या एसटीत बसलो. रस्ताभर ह्यांनी ती डबी रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही पुरत नव्हतं.

किसनरावांनी ओसरीत सतरंजी टाकली. "या जी सर, या ताई. पोरगी येतेच आता. गावात मोबाइलच्या दुकानात काचा बदलवायच्या कामाले जाते, तिची जेवायले यायची वेळ झालीच." ते आमच्याशी इतकं आदराने बोलत होते की मला सतरंजीवर बसवेना.

निकिता आली, ह्यांच्या पाया पडायला वाकली. ह्यांनी तिला मध्येच थांबवलं आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. आकडा चूक, डबी बरोबर. मग मी सांगितलं. पाणी, खोटं बोलणं, फ्रिज, चप्पल, मोगरा, काही ठेवलं नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, आणि तिने चिडावं म्हणूनच मी आले होते.

ती आत गेली आणि पितळी परात घेऊन आली, धान्य निवडायला घेतात तशी. परातीत हिरव्या पाट्यांचा ढीग होता. पाय कापलेले सुटे तुकडे, जळालेल्या खुणा, उचकटलेलं तांबं.

"सव्वीस होत्या," ती म्हणाली. "एक तुमच्यापाशी. पंचवीस खोलल्या, सर. आवाज कुठून येते ते शोधत होती. एकीत नाही सापडला तं दुसरी खोलली. घडीघडी जोडल्या-काढल्यानं पाट्याच गेल्या." किसनराव मुलीकडे बघत होते, मग त्यांनी नजर वळवली.

"पण तुला ऐकू येत होता का आवाज?" ह्यांनी विचारलं.

"नाही नं सर. रोज पाह्यटी उठून ऐके, सगळं गाव निजलं असताना. काहीच नाही ये ऐकू. मग मले वाटलं, सर तं तीनदा मोजून सांगतात, म्हणजे माह्याच कानात काही असन. यवतमाळले येऊन कानाच्या डॉक्टरलेबी दाखवलं." ती थोडी लाजली. "तुमच्या घरावरूनच गेलती काकू, पण आली नाही. काय तोंड दाखवू वाटलं."

ह्यांनी रुमाल सोडून ती एकुलती डबी तिच्या हातात दिली. तिने ती मोबाइलला जोडली, हेडफोन कानाला लावला, आणि काही न वाजवता डोळे मिटून ऐकत राहिली. बराच वेळ. मग हेडफोन काढून तिने ह्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे सर, माहे कान चांगलेच होते नं?"

ह्यांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. शेवटी किसनरावच उठले आणि म्हणाले, "पाणी आण वं पोरी, माणसं लांबून आले."