डावीकडे ओढलेला मुखवटा

त्या महिन्यात आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. हळू बोललं की आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाटायचं त्यांच्याविषयीच चाललंय. मोठ्यानं बोललं तर वाटायचं, मुद्दाम ऐकवतायत. दिवाळीनंतर त्यांच्या तोंडावरून वारं गेलं आणि ओठ डावीकडे ओढले गेले. हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. पण राजारामपुरीत आपल्या कापडदुकानात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं हसणारा हा माणूस आता दूधवाला आला तरी आतल्या खोलीत जायचा. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायचा. चहा तेवढा आबा माझ्यासमोर प्यायचे. ओघळ आला की मी रुमाल पुढे करायची, न बघितल्यासारखं करून.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. नवरीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हा मान मामाचा. आबा एकुलते एक मामा, आणि ते 'मी येत नाही' म्हणून बसलेले. त्यांच्या बहिणीनं मला फोन करून विचारलं, चुलतमामाला सांगून ठेवू का? मी दार लावून बोलले. दार उघडलं तर आबा बाहेर उभे.

"कुणाला हुबा करायचं ठरलं?"

"काही ठरलं नाही," मी म्हटलं. खरंच ठरलं नव्हतं. त्यांना ते पटलं नाही, तरी चहा माझ्यासमोरच प्याले.

मी चित्रकलेचे वर्ग घेते. वर्गाच्या भिंतीवर लावायला त्याच दिवसांत एक मुखवटा करायला घेतला होता. जुने पेपर भिजवून कुटले, त्यात डिंक आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घातली आणि तो लगदा उपड्या पातेल्यावर थापला. मोबाईलवर देशोदेशीचे मुखवटे बघून ठेवले होते. आफ्रिकेकडचं लांब कपाळ, जपानी बारीक भुवया, बालीचे बटबटीत डोळे. ओठ मात्र आपल्या गौरीच्या मुखवट्याचे, मिटलेले, सरळ. गॅलरीत वाळत ठेवला. तिथं ऊन एकाच अंगाला येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लगदा आकसला आणि गौरीचे ओठ डावीकडे ओढले गेले.

मी बघायच्या आधी आबांनी बघितलं.

"ह्ये कुणाचं त्वांड?"

"कुणाचं नाही, आबा. एका बाजूनं ऊन लागलं म्हणून तसं झालं."

"ऊन बरं माझ्याच बाजूला लागतंय."

मी मुळात तापट. म्हटलं, "तुमची नक्कल करायला मी एवढा कागद कुटत बसेन का?" ते आत निघून गेले. त्या दुपारपासून चहा खोलीत घेऊन जायला लागले आणि आतून कडी लावायला लागले. मला फार लागलं ते. आजवर घरात त्यांचा संशय सगळ्यांवर होता, एक मी सोडून.

दुसऱ्या दिवशी मुखवटा गायब. मी कचऱ्याचा डबा उपसला. गॅलरीतून वाकून खाली बघितलं. भांडीवालीला विचारलं तेव्हा तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि कागलच्या कंपनीतून दमून आलेल्या नवऱ्याची उलटतपासणी घेतली. आबांनीच तो फोडून टाकला असणार, असं मनात पक्कं झालं होतं, पण विचारायचं धाडस होत नव्हतं. मग फोडणीला मेथी घ्यायला गेले तर शेजारचा मेथीच्या पुडीचा डबा निम्मा रिकामा. माझ्यानंतर घरात कुणीतरी लगदा कालवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आबांच्या खोलीची कडी त्या दिवशी लावायची राहिली होती. ते खाटेवर बसले होते, मांडीवर पेपर, पेपरवर मुखवटा. वाडग्यात कालवलेला लगदा. अंगठ्यानं ते ओठांचा कोपरा दाबून दाबून सारखा करत होते. मला बघून लपवायला गेले, मग राहू दिलं.

"ह्याचं तरी सरळ हुतंय का बघतोय," म्हणाले.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वाळताना ते पुन्हा ओढणार, हे मला दिसत होतं. सांगायला जीभ रेटली नाही. त्यांनी मुखवटा स्वतःच गॅलरीत नेऊन ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी, राखणीला बसले. वाळला तेव्हा ओठ पुन्हा डावीकडेच गेले होते. जरा कमी, पण डावीकडेच.

"वाकडंच ऱ्हातंय की."

"हो."

"म्हंजे तू केलं न्हाईस."

"नाही, आबा."

त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्या हातात दिला. "रंगीव मग. आसंच रंगीव."

संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन लावला. शब्द अजून तोंडात घोळत होते, तरी गल्लीला ऐकू गेलं असेल. "माझ्या जागी जो बघितलाय त्येला जेवायला ये म्हणावं. हुबा मी ऱ्हाणार हाय. आनि फोटूवाल्याला सांग, उजवीकडनं काढायचा."

फोन ठेवून माझ्याकडे रोखून बघितलं. "त्यांनी दुसरा बघितलावता. तुला म्हाईत हुतं न्हवं?"

"विचारलं होतं मला," मी म्हटलं.

"वाटलंच," आबा म्हणाले. चांगलेच खूश दिसले. मग तिथंच बसून त्यांनी चहा मागितला आणि माझ्यासमोर प्याले.