आईची बंदूक आणि बाबांचं ग्रीस

आमच्या घरात बंदूक आहे आणि ती आईची आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी बाबांकडे पाहतो. त्याच्या नजरेत दया असते. बाबा सवयीने हसून घेतात.

बंदूक आईच्या वडिलांची. दुनळी. सिहोऱ्याकडच्या शेतात हरभऱ्यात रानडुकरं शिरली की आजोबा हवेत एक बार काढायचे. ते गेल्यावर मामांनी शेत वाटून घेतलं, आईने हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली आणि बंदूक मागितली. लायसनच्या चकरा कोण मारणार, म्हणून मामांनी ती आनंदाने देऊन टाकली. चकरा आईने मारल्या. बंदूक मात्र तिने आजवर एकदाही चालवलेली नाही. दसऱ्याला हळदकुंकू वाहते, तेवढंच. आणि कुंकू ओल धरतं म्हणून बाबा लगेच फडकं घेऊन मागे उभे.

अडचण निवडणुकांची. निवडणूक आली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आमच्याकडे निवडणुका संपतात कुठे? एकदा आईने मोठ्या प्रेमाने बंदूक चामड्याच्या खोळीत घालून जमा केली. चामड्याने ठाण्यातली सगळी ओल पिऊन घेतली. दोन महिन्यांनी खोळ उघडली तर नळ्यांवर तांबडं पुरळ! बाबा आठ दिवस तेल आणि बारीक तारेची लोकर घेऊन घासत बसले. खोळ उघडली त्या दिवशी आई जेवली नाही.

"माझ्या बाबांची वस्तू अशी सडताना पाहवत नाही मला," ती म्हणाली. "पुन्हा एक ठिपका जरी दिसला ना, तर विकून टाकीन."

आई एकदा बोलली की बोलली. वडिलांची तिच्याकडे तेवढी एकच वस्तू होती, हे बाबांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं.

पुढची निवडणूक नेमकी ऐन पावसाळ्यात आली. आता सूत्रं बाबांकडे. बाबा फॅक्टरीतून निवृत्त झालेले. माल पेटीत बंद होण्याआधी त्यावर शेवटची नजर त्यांची असायची. मोहरीएवढा गंजाचा डाग दिसला तरी अख्खी पेटी परत. साहेब येवोत, साहेबांचे साहेब येवोत, बाबांनी डाग पास केला नाही. घरीही तेच. माझ्या शाळेच्या डब्याचं झाकणसुद्धा एकदा नापास झालं होतं.

हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली. बाबांनी सुती हातमोजे घातले, मलाही घालायला लावले. आधी रॉकेलने पुसणं, मग कोरडं करणं, मग पातळ तेल, मग ग्रीसचा थर, वरून मेणकागद. चपलांच्या खोक्यांतून वर्षभर जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या आत ठेवल्या.

"उघड्या हाताने शिवायचं नाही," बाबांनी बजावलं. "घामात मीठ असतं. वरून कितीही ग्रीस लावा, खाली गंज धरतोच."

"लेकराला न्हाऊमाखू घालून राहिले जसे," आई दारातून म्हणाली.

ठाण्यातले सगळे हिंदी बोलणारे, म्हणून बाबांनी वर हिंदीत चिठ्ठी चिकटवली: नाल नीचे रखें, छूना मना है. तेल उतरून लाकडी दस्त्यात मुरू नये म्हणून नळी खाली. ठाण्यातल्या हवालदाराने ते गाठोडं वरून खालून पाहिलं. "अम्मा जी, बंदूक है कि दुल्हन?" म्हणत त्याने गाठीवर लाखेची मोहर मारली.

पाऊस महिनाभर धो धो पडला. आई रोज खिडकीतून आभाळाकडे रागाने बघायची. मतमोजणी झाली. कोण निवडून आलं हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. गाठोडं घरी आलं.

बाबांनी मेणकागद सोडला, ग्रीस पुसलं. नळ्या झकास. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात बाबांचा हात थांबला. उजव्या नळीवर, दस्त्याच्या जरा पुढे, तांबूस डाग होता. अंगठ्याएवढा. अंगठ्याचाच.

"हवालदार!" बाबा कडाडले. "छूना मना है लिहिलं होतं! आत्ता तक्रार लिहितो."

"मोहर शाबूत होती, बाबा," मी म्हटलं. "कुणी उघडलेलंच नाही."

झालं, घरात चौकशी बसली. बाबांनी शाईचा पॅड काढला. आधी स्वतःचा अंगठा उमटवला, मग माझा. मी भिंग धरून बसले. डागावरच्या रेषा मधेच एका तिरप्या वणाने कापलेल्या होत्या. आमच्या दोघांच्याही अंगठ्याला वण नव्हता.

"तू ये," बाबांनी आईला हाक मारली.

"मी भाजी निवडून राहिली."

"दोन मिनिटं लागतील."

"काहून? पॅड कशाला पाहिजे?" आई पदराला हात पुसत आली आणि अंगठा आमच्यासमोर धरला. विळीवर कापल्याचा तिरपा वण. "मीच होती. मेणकागद गुंडाळायच्या आधी तुम्ही दोघं चहा प्यायला उठले तेव्हा. माझ्या बाबांचा हात तिथेच राहायचा नेहमी. म्हटलं, जाऊन राहिली घराबाहेर, एकदा हात लावून घ्यावा. ग्रीस बाजूला केलं, मग परत लावून दिलं."

आईने पदर खोचला. "ठिपका तर ठिपका. मी बोलली होती. विकून टाका."

तिचा आवाज इतका सरळ होता की मला रडू आलं.

बाबांनी माझ्या हातातून भिंग घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. नळी खिडकीच्या उजेडात नेली, तिरपी करून पाहिली, फॅक्टरीत पाहायचे तशी, सावकाश. मग भिंग खाली ठेवलं.

"हा गंज नाही," ते म्हणाले.

"मग काय आहे?" आईने विचारलं.

"गंज नाही म्हणजे नाही. छत्तीस वर्षं हेच काम केलंय मी. पास."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग भाजी निवडायला गेली.

मी भिंगातून नीट पाहिलं होतं. गंजच होता.