वाघोलीचं डॉग पार्क आणि तिसरी शिट्टी

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर अजिंक्यतारा चढलात, कासच्या गर्दीला नावं ठेवलीत, कोणत्या फाट्यावरची मिसळ टाळावी हेही वाचलंत. परवा एका वाचकाने विचारलं की साताऱ्याहून मुलांना घेऊन दोन दिवस पुण्याला जायचंय, नवीन काही सुचवा. वाघोलीचं डॉग पार्क सुचवणार होतो. आम्ही नुकतेच जाऊन आलो होतो. उत्तर लिहायला बसलो आणि चार ओळींपुढे सरकेना, कारण त्या चार ओळी खोट्या होत्या. म्हणून हे सगळंच लिहितोय.

आधी कंदीबद्दल सांगतो. कंदी आमचा कुत्रा. रंग कंदी पेढ्याचा, म्हणून नाव कंदी. साताऱ्यात राहून दुसरं काय सुचणार. पुढचा उजवा पंजा पांढरा, डाव्या कानाला मांजराने काढलेली खाच. माझी मुलगी सई तीन वर्षांची असताना तो जुन्या घरी आला आणि ती आठ वर्षांची होईपर्यंत होता. तो दिवसभर स्वयंपाकघराबाहेर झोपायचा. माझी बायको सुलभा कुकर लावायची. पहिल्या दोन शिट्ट्यांना हा कानही हलवायचा नाही. तिसरी झाली की सुलभा गॅस बंद करायची आणि त्याच क्षणी साहेब उठून दारात हजर. आपला भात तिसऱ्या शिट्टीनंतर येतो, एवढं गणित त्याला पक्कं होतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. सोसायटी नवीन, सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही. माझं मराठी चांगलं, शिक्षण पुण्यात झालेलं, म्हणून मंडळींनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढलो. पहिल्याच बैठकीत प्राण्यांचा विषय निघाला. नियम मीच लिहिला आणि लिफ्टमध्ये बोर्डही मीच लावला: ‘या इमारतीत कुत्रा, मांजर अथवा अन्य कोणताही प्राणी कोणत्याही कारणास्तव पाळता येणार नाही. अपवादाची विनंती करून स्वतःचा व समितीचा वेळ दवडू नये.’ शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. पेठांमधल्या पाट्या वाचत चार वर्षं काढल्याचं चीज झालं असं वाटलं होतं.

मग कोणीतरी म्हणालं, सेक्रेटरींच्याच घरी कुत्रा आहे ना? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कोणी म्हणू नये म्हणून मी आठ दिवसांत कंदीची व्यवस्था लावली. ओळखीच्या ओळखीतून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. वाघोलीला बंगला आहे, आवार आहे, म्हणाले. कंदी गाडीत चढेना. मीच त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवला. सई फाटकाशी उभी होती. गाडी गेल्यावर तिला सांगितलं की तो चांगल्या घरी गेलाय. पुढे त्या गृहस्थांनी फोन उचलणं बंद केलं आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं.

या मार्चमध्ये माझ्या आतेबहिणीच्या मुलाचा वाढदिवस वाघोलीच्या डॉग पार्कात झाला. ती येरवड्याला राहते. घरच्या ग्रुपवर फोटो आले. त्यातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात अर्धा कुत्रा होता. सईने तो मोठा करून दाखवला. पांढरा पंजा, कानाला खाच. मी म्हटलं, अशा रंगाची कुत्री पुण्यात पैशाला पासरी मिळतील. ती ऐकेना. शेवटी मी म्हणालो, “जाऊन बघू. तोच असला तर घेऊन येऊ.” तो नसणार याची मला पूर्ण खात्री होती, म्हणूनच मी इतकं मोठं बोललो.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. खंबाटकीचा बोगदा रिकामा होता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दहा मिनिटं गेली. आठ वाजायच्या आत नवले पुलाला पोचलात तर ठीक, नंतर तिथे आपल्या कर्मावर सोडून द्यायचं. आम्ही सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला वळलो. धरणाच्या भिंतीसमोर भाजलेलं कणीस आणि कांदाभजी मिळतात, पण इतक्या सकाळी कणीसवाले कोळसेच पेटवत होते. सुलभा आणि मी चहा घेतला. सई गाडीतून उतरली नाही. तिची सॅक मांडीवर होती आणि ती त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. सुलभाने मला हळूच सांगितलं की सॅकेत कंदीचा पट्टा आहे. तिने तो दोन वर्षं कपाटात शाळेच्या जुन्या वह्यांमागे ठेवला होता. मला ते माहीतच नव्हतं.

शनिवार येरवड्याला आतेबहिणीकडे गेला. तिने मटकीची उसळ आणि शिकरण केलं होतं. सईने दोन घास खाल्ले आणि भाच्याला त्या अर्ध्या कुत्र्याबद्दल खोदून खोदून विचारलं. त्याला फक्त केक आठवत होता.

रविवारी सकाळी नऊला नगर रस्त्याला लागलो. खराडी बायपासच्या चौकात अर्धा तास गेला. रविवार असो, सोमवार असो, त्या चौकाला सुट्टी नाही. वाघोली ओलांडली की दोन्ही बाजूंना इमारतींचे सांगाडे, मध्ये एखादं ज्वारीचं वावर, आणि मग पत्र्याच्या कुंपणावर हसऱ्या कुत्र्याचं चित्र. जाणाऱ्यांसाठी सांगतो: आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, पाऊण तासाची एक पाळी, माणशी साडेतीनशे, बिस्किटांचं पाकीट वेगळं. चपला बाहेर काढायच्या. पांढरे कपडे घालू नका. कुत्र्याच्या गळ्यात लाल रुमाल असेल तर त्याला हात लावायचा नाही, तो दमलेला असतो. आम्ही गेलो तेव्हा निम्म्या कुत्र्यांच्या गळ्यात लाल रुमाल होते.

आत हिरव्या प्लास्टिकच्या गवतावर वीसेक कुत्री आणि तेवढीच माणसं. कुत्री एकेका कुटुंबाकडे जात, बसत, पंजा देत, बिस्कीट खात आणि पुढच्या कुटुंबाकडे सरकत. कुणी भुंकत नव्हतं. मुलं किंचाळत होती, आईबाप व्हिडिओ काढत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या की आपल्या मुलापेक्षा हे शहाणे आहेत. मला मात्र ते शहाणपण बघून कसंतरी झालं.

पेढ्याच्या रंगाचा कुत्रा भिंतीशी पडून होता. त्याच्याही गळ्यात लाल रुमाल. अंगाने अर्धा राहिला होता, तोंडावर पांढरे केस आले होते. सई त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन बसली. हात लावायचा नाही हा नियम तिने पाळला. आमच्या घरात नियम पाळायचं शिक्षण चांगलं आहे. तिने हळू आवाजात “कंदी” म्हटलं. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले. मी सुलभाला म्हणालो, बघ, तो नाहीये. माझ्या आवाजातली सुटका तिला ऐकू आली असणार, कारण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिथे कुत्र्यांचं सगळं बघणाऱ्या मंदाताई म्हणून बाई होत्या, शेजारच्याच गावच्या. वेळ संपली तशी त्यांनी गळ्यातली शिट्टी वाजवली. एका शिट्टीसरशी सगळी कुत्री होती तिथून उठली आणि मागच्या शेडकडे पळाली, तोंडापुढचं बिस्कीट सोडून. हा मात्र हलला नाही. मंदाताईंनी दुसरी वाजवली. त्याने कानही हलवला नाही. तिसरी वाजली तसा तो उठला, अंग झटकलं आणि शेडच्या दारात जाऊन उभा राहिला.

मंदाताई आम्हाला म्हणाल्या, “ह्यो येडा हाय. समद्यांना एक शिट्टी, ह्याला तीन. लई मारलं मालकानं, पन न्हाईच उठत.”

सुलभा तिथेच खाली बसली. तिने “कंदी, भात” एवढंच म्हटलं. तो वळला. आधी नुसता उभा राहिला, मग आला, आणि आला तो थेट तिच्या कुशीत डोकं खुपसून थरथरायला लागला. मग सईकडे गेला. मग माझ्याकडेही आला, तशीच शेपूट हलवत, जणू त्याला गाडीत बसवणारा मी नव्हतोच. चावला असता तर बरं झालं असतं. मला अजून तसंच वाटतं.

मंदाताईंना सगळा प्रकार समजायला वेळ लागला नाही. त्या गृहस्थांनी त्याला महिन्याभरातच इथे आणून सोडल्याचं त्यांनीच सांगितलं. बंगला होता की नव्हता, देव जाणे. मग त्या म्हणाल्या, “घिऊन जावा. मालक न्हाय म्हणायचे न्हाईत. हितं त्याचं काय काम ऱ्हायलं न्हाई, पोरांना पंजा बी देत न्हाय. आजच जावा घिऊन.”

सईने सॅकेची चेन उघडली. पट्टा बाहेर काढला. आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्या डोळ्यांसमोर लिफ्टमधला बोर्ड आला. चेअरमन आले, ग्रुपवरचे मेसेज आले, मीच ज्यांना मांजर ठेवू दिलं नव्हतं ते दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले. माझ्या पायाशी कुत्रा बसला होता आणि मी चार माणसं काय म्हणतील याचा हिशोब करत होतो. मी म्हणालो, “आठ दिवस द्या. सोसायटीत बोलतो आणि कळवतो.”

मंदाताईंनी आपला नंबर दिला. सईने पट्टा गुंडाळून परत सॅकेत ठेवला. मी खाली वाकून कंदीला थोपटलं आणि म्हणालो की आम्ही परत येतोय हं, लवकरच.

सई म्हणाली, “बाबा, गाडीत बसवताना पण तुम्ही त्याला हेच सांगितलं होतं.”

परतीच्या रस्त्याबद्दल मला फारसं काही आठवत नाही. कात्रजला जेवायलासुद्धा थांबलो नाही.

पुढच्या रविवारी बैठक होती. मी विषय काढला. बोर्ड मी लिहिलेला, आणि चेअरमनसाहेबांनी तो तोंडपाठ म्हणून दाखवला, शेवटच्या वाक्यासकट. “अहो, आता तुम्हीच वेळ दवडताय की,” ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर सुलभा म्हणाली की असा नियम कायद्यातसुद्धा बसत नाही, तिने चौकशी केली आहे, आणि यात परवानगी मागण्यासारखं काहीच नव्हतं. मलाही ते माहीत होतं. बोर्ड लिहिला तेव्हाही माहीत होतं.

गुरुवारी संध्याकाळी सुलभाने मला न विचारता मंदाताईंना फोन लावला, स्पीकरवर. ती उद्याच निघतेय असं सांगणार होती. सई जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती.

“ताई, त्यो गेला की,” मंदाताई म्हणाल्या. “मंगळवारी येक फॅमिली आली हुती, घिऊन गेली. नाव-गाव मालकालाच ठावं, आन् त्यो काय लिवून ठेवत न्हाय. पन मान्सं चांगली वाटली. चांगल्या घरी गेला बगा.”

सईने वहीतून मान वर केली नाही. तिने विचारलं, “त्यांचा बंगला आहे का?”

मी मंदाताईंकडून मालकांचा नंबर घेतला, त्यांना चार वेळा फोन केला, पुन्हा वाघोलीला एकटा जाऊन आलो. रोज शंभर माणसं येतात, मालक म्हणाले. येरवड्यापासून वाघोलीपर्यंत जनावरांच्या तीन दवाखान्यांत फोटो चिकटवून आलो. एकाही ठिकाणाहून फोन नाही.

त्या गुरुवारीच मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन लिफ्टमध्ये गेलो आणि बोर्ड काढला. चार स्क्रू होते. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी नवीन बोर्ड कधी लागतोय एवढंच विचारलं. नाही लागणार म्हटल्यावर ते “बरं” म्हणाले आणि आपल्या मजल्यावर उतरले. इतकंच होतं ते. याच माणसाला मी दोन वर्षं घाबरलो.

तर ज्या वाचकाने विचारलं होतं त्यांना: पार्क रोज सुरू असतं, गाडी लावायला जागा आहे, मुलांना आवडतं. जा किंवा जाऊ नका. मला सल्ला देण्याचा अधिकार राहिलेला नाही.

सुलभा आता कुकरची शिट्टी मोजत नाही, मोबाइलवर वेळ लावते. सईने मला एकदाही दोष दिला नाही. शाळेतून आली की ती तिन्ही मजले जिन्याने चढते. बोर्ड काढलाय, लिफ्टने ये, असं मी तिला सांगितलं. ती “बरं” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्यानेच आली.