डाव्या हाताने दाढी

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडल्यावर ह्यांनी आज पहिल्यांदाच स्वतः दाढी करायला घेतली. मी न्हाणीच्या दारात उभी होते. डाव्या हातातला रेझर थरथरत होता. जीभ मात्र सवयीने आतून गाल फुगवत होती. चेहऱ्याला सगळं पाठ होतं, हात नवशिका होता. एका हाताने जन्मभर गिरवलेलं दुसऱ्याला का येत नसेल?

हनुवटीखाली रक्ताचा ठिपका उमटला.

"द्या इकडे," मी पुढे झाले.

"थांब. तू बघतेस म्हणून हात जास्त कापतोय."

मी पाठ फिरवली. रेझरची खरखर थांबली की मान मागे वळू पाहायची, मी ती आवरायचे. शेवटी नळाचं पाणी वाजलं.

"बघ आता," ते म्हणाले.

कानाजवळ थोडे खुंट राहिले होते. "छान झालीय," मी म्हटलं.